तलावासकट सारस

घरातला जुना अल्बम काढून बघा. काळ्या जाड पानांवर चिकटवलेल्या फोटोंत काही चौकोनी असतील: आजोबा सायकल धरून, आत्या शाळेच्या गणवेशात, कुणाचं तरी बारसं. त्यातले बरेच 'क्लिक थ्री'ने काढलेले असणार. आग्फाचा हा भारतात बनलेला कॅमेरा एकेकाळी मध्यमवर्गीय घरांत पोचला होता. त्यात एकशेवीसचा रोल बसायचा आणि एका रोलवर बारा फोटो निघायचे. त्या फिल्मवरची एकेक निगेटिव्ह साधारण ५६ मिलिमीटर लांब आणि तेवढीच रुंद. फोटोग्राफीच्या भाषेत हा मिडियम फॉरमॅट. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांनी नाव न ऐकताच मिडियम फॉरमॅट वापरला होता.

आज दुकानात 'मिडियम फॉरमॅट डिजिटल' म्हणून जे मिळतं, त्याचा सेन्सर बहुतेक वेळा ४४ बाय ३३ मिलिमीटरचा असतो. फुजीफिल्मचे जीएफएक्स कॅमेरे, हॅसलब्लाडची एक्स मालिका, २०१४ चा पेंटॅक्स ६४५झेड या सगळ्यांचं माप हेच. फेज वनचा मोठा सेन्सर ५३ बाय ४० पर्यंत जातो. क्षेत्रफळ काढलं तर गंमत कळते. ४४ बाय ३३ चा सेन्सर क्लिक थ्रीच्या निगेटिव्हच्या निम्माही भरत नाही. कॅमेऱ्याची किंमत मात्र लाखांत. तरी ज्याला फुल फ्रेम म्हणतात त्या ३६ बाय २४ च्या सेन्सरपेक्षा तो सुमारे पावणेदोन पट मोठा आहे, आणि या प्रकरणात आपला संबंध त्या पावणेदोन पटीशी आहे.

कारण प्रश्न असा: हा मोठा सेन्सर आणि लांब टेलिफोटो लेन्स घेऊन भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या तलावावर गेलं, तर हाती काय लागतं?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव आहेत. मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी' या कागदी नावाचं लोकांनी 'मामा तलाव' करून टाकलं. तलावाखाली धानाच्या बांध्या, मध्ये धुरे, कुठे एखादी बोडी. हिवाळ्यात तलवार बदक, लालसरी, पट्टकादंब येतात. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी बारमाही. आणि नशीब असेल तर सारस. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया आणि भंडारा या शेजारी जिल्ह्यांत, चंद्रपुरात नावापुरता. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच असलेला हा पक्षी उभा राहिला की माणसाच्या खांद्याला लागतो, कधी त्याच्याही वर जातो.

साकोलीकडच्या एका तलावाच्या पाळीवर पहाटे ट्रायपॉड लावून बसलो होतो. समोर बांधीत सारसाची जोडी. धुऱ्यावरून एक शेतकरी आला, लेन्सकडे बघून म्हणाला, "काय काढून राहिले जी?" म्हटलं, सारस. "थो तं रोजच येते," म्हणाला आणि पुढे गेला. रोज येणारा पक्षी टिपायला एवढं तोफेएवढं यंत्र कशाला, हा प्रश्न त्याने विचारला नाही, पण तो रास्त होता. त्याचं उत्तर आकड्यांनीच द्यावं लागेल.

समजा जोडी दीडशे मीटरवर आहे. कॅमेरा १०२ मेगापिक्सेलचा, म्हणजे आडवे ११,६४८ आणि उभे ८,७३६ पिक्सेल. लेन्स ५०० मिलिमीटरची. या सेन्सरवर एकेक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असतो. हिशेब केला तर दीडशे मीटरवर एका पिक्सेलमध्ये सव्वा मिलिमीटरहून थोडी कमी जागा मावते. १६० सेंटीमीटर उंचीचा सारस सुमारे १,४०० पिक्सेल उंच येतो. चौकटीत मात्र तेरा मीटर रुंद आणि जवळजवळ दहा मीटर उंच एवढं दृश्य मावतं. पक्षी चौकटीच्या सहाव्या हिश्शाएवढा.

आता तीच ५०० मिलिमीटरची फोकल लेंग्थ ६१ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर लावा. तिथेही पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचाच आहे. सारस पुन्हा १,४०० पिक्सेलच! एकही पिक्सेल कमी नाही. फरक पडतो तो आजूबाजूला: चौकट तेरा मीटरची अकरा मीटर होते, उंची दहाची सात.

हे एकदा डोक्यात बसलं की मिडियम फॉरमॅटबद्दलचे निम्मे गैरसमज गळून पडतात. मोठा सेन्सर पक्ष्याला जवळ आणत नाही. तो पक्ष्याभोवतीची जागा वाढवून देतो. जाहिरातीतला १०२ हा आकडा वाचून 'आता पिसं मोजता येतील' असं वाटतं, पण पिसं मोजायला लागते जास्त फोकल लेंग्थ, किंवा पक्ष्याच्या जवळ जाणं. ज्याला चौकट भरून सारसाचा लाल चेहरा हवा आहे, त्याने फुल फ्रेमवर ६०० मिलिमीटर एफ/४ घ्यावी हे माझं स्पष्ट मत. तिच्यात पक्षी सव्वापटीच्या जवळपास मोठा येईल, सेन्सरच्या दर मिलिमीटरवर दुप्पट प्रकाश पडेल, आणि कॅमेरा सेकंदाला वीस-तीस फोटो काढेल. जीएफएक्समधला वेगवान कॅमेरा आठ काढतो, हॅसलब्लाडचा एक्स२डी तीनच्या आसपास. उडत्या बदकांच्या मागे मिडियम फॉरमॅट घेऊन धावणं म्हणजे बैलगाडी शंकरपटात न उतरवता मोटारींच्या शर्यतीत उतरवण्यासारखं आहे.

मग हा खटाटोप कशासाठी? ज्याला सारस त्याच्या तलावासकट हवा आहे त्याच्यासाठी. बांधीतलं गुडघाभर पाणी, मागचा धुरा, त्यावरचं पळसाचं झाड, पाण्यावरचं धुकं आणि या सगळ्यांत उभी जोडी. इंचाला ३०० ठिपके धरून हा फोटो छापला तर तो तीन फुटांहून रुंद निघतो. त्यात सारस अर्ध्या वितीएवढा असतो, तरी डोळा शोधता येतो. आणि नजर पक्ष्यावरून सरकून धानाच्या लोंबीवर गेली तर तीही तितकीच स्वच्छ असते. पक्षी कुठे जगतो हे सांगणारा फोटो हवा असेल, तर आजूबाजूचे तपशील पार्श्वभूमी म्हणून पुसून टाकून चालत नाही.

'टेलिफोटो' हा शब्द आपण कुठल्याही लांब पल्ल्याच्या लेन्सला लावतो, पण त्याला नेमका अर्थ आहे. साध्या रचनेत ५०० मिलिमीटरची लेन्स जवळपास अर्धा मीटर लांब व्हायला हवी. टेलिफोटो रचनेत पुढे किरण एकत्र आणणारा भिंगांचा गट असतो आणि मागे त्यांना थोडं फाकवणारा. त्यामुळे फोकल लेंग्थ तीच राहून नळी आखूड होते. फुजीफिल्मची २०२४ मध्ये आलेली ५०० मिलिमीटर एफ/५.६ लेन्स जेमतेम पंचवीस सेंटीमीटर लांब आहे आणि वजन १,३७५ ग्रॅम. २०१८ ची त्यांचीच २५० मिलिमीटर एफ/४ तिच्यापेक्षा जड आहे! सहा वर्षांत या क्षेत्रात काय फरक पडला हे या एका तुलनेत दिसतं. त्याआधी मिडियम फॉरमॅट डिजिटलवर लांब लेन्स म्हणजे पेंटॅक्सच्या फिल्मच्या काळातल्या ३०० आणि ४०० मिलिमीटरच्या लेन्स, किंवा २५० ला १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावून केलेली ३५०. तोच कन्व्हर्टर ५०० वर लावला की ७०० मिलिमीटर एफ/८ मिळते. मिळतो तो पल्ला, जातो तो एक स्टॉप प्रकाश, आणि डिसेंबरच्या पहाटे प्रकाश आधीच मोजका असतो.

लेन्सच्या किमतीने धाप लागली असेल तर एक जुना मार्ग आहे. या आरशाविरहित कॅमेऱ्यांत लेन्सची बैठक सेन्सरच्या अगदी जवळ असते, जीएफएक्समध्ये २६.७ मिलिमीटरवर. त्यामुळे मध्ये अॅडाप्टर घालून मामिया, पेंटॅक्स यांच्या ६४५ च्या जुन्या लेन्स बसवता येतात. फुल फ्रेमसाठी केलेल्या काही लांब टेलिफोटोंचं प्रकाशवर्तुळही गरजेपेक्षा मोठं असतं आणि ते हा मोठा सेन्सर कोपऱ्यांपर्यंत झाकतं. बहुतेक जुन्या लेन्सवर फोकस हाताने करावा लागतो. संथ चरणाऱ्या सारसासाठी ते जमतं, खंड्यासाठी नाही.

आता हादरा. फिल्मच्या काळात आपण शिकलो होतो की शटर स्पीड फोकल लेंग्थच्या उलट ठेवावा, ५०० मिलिमीटरला १/५००. तो नियम पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटसाठी ठीक होता. दीडशे मीटरवर एक पिक्सेल जेव्हा मिलिमीटरभर जागा दाखवतो, तेव्हा सारस सेकंदाला एक मीटर या चालीने चालला तरी १/५०० मध्ये तो दोन मिलिमीटर, म्हणजे जवळपास दोन पिक्सेल सरकतो. १/१००० ठेवला तर एक. ताशी ५० किलोमीटरने उडत असेल तर १/२००० लाही सहा पिक्सेलचा फराटा उरतो. कॅमेऱ्यातलं आणि लेन्समधलं स्थिरीकरण तुमच्या हाताचा थरकाप थोपवतं, सारसाचे पाय नाही. कंपन्या सहा स्टॉप, आठ स्टॉप असं सांगतात. ते पाळीवर उभ्या असलेल्या तुमच्यासाठी असतं.

ट्रायपॉड पाळीच्या मातीत रुतवून लावा, मधला दांडा वर काढू नका आणि पट्टा कॅमेऱ्याला लोंबकळत ठेवू नका. वाऱ्यात तो पट्टाच शिडाचं काम करतो. शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू करा; यांत्रिक पडद्याचा सुरुवातीचा धक्का टळतो. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर मात्र जपून वापरावा. तो आवाज करत नाही, हा मोठाच फायदा. पण हा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि मोठा असल्याने त्याला वेळ लागतो. तेवढ्यात पंख फडफडले तर ते रबरासारखे वाकलेले येतात. उभ्या पक्ष्याला चालेल, उडत्याला नाही.

हे सगळं सांभाळलं तरी एक शत्रू उरतो आणि विदर्भात तोच सगळ्यात मोठा. हवा. जमीन तापली की तिला लागून असलेली हवा तापते, वरची थंड राहते, आणि वेगवेगळ्या तापमानाच्या या थरांतून येताना प्रकाश जागोजागी वाकतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसणारं मृगजळ याच जातीचं. लेन्स जितकी लांब आणि मधली हवा जितकी जास्त, तितका तपशील विरघळतो. चांगली लेन्स इथे मदत करत नाही, कारण तिने हवेचा थरथराटच स्वच्छ टिपलेला असतो. गोसीखुर्दच्या जलाशयावर, जिथे वैनगंगेचं पाणी लांबवर पसरलं आहे, पलीकडच्या काठावरचे पक्षी सकाळी दहानंतर टिपायचे म्हणजे मेगापिक्सेल पाण्यात टाकणं. एप्रिल-मेमध्ये तर ही वेळ आणखी अलीकडे येते.

हिवाळ्याच्या पहाटे हवा स्वच्छ असते असं आपण धरून चालतो. तेही पूर्ण खरं नाही. थंडीत तलावाचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, त्यातून वाफ उठते आणि पाण्यालगतचा थर थरथरतो. फोटोत धुकं सुंदर दिसतं, पिसं मात्र मऊ होतात. एकदा सबंध सकाळ मी फोकस चुकतोय म्हणून लेन्सला शिव्या घातल्या. घरी आल्यावर एकामागून एक काढलेले वीस फोटो पडद्यावर मोठे करून पाहिले, तर त्यातला एक स्वच्छ होता, बाकीचे वेगवेगळ्या ठिकाणी वितळलेले. लेन्स ठीक होती. तेव्हापासून एकाच दृश्याचे दहा-बारा फोटो काढतो. गाडीत बसून काढत असाल तर इंजिन बंद करा आणि बॉनेटवरून नेम धरू नका. घरातून नुकत्याच बाहेर काढलेल्या लेन्सला बाहेरच्या हवेत अर्धा तास द्या. तिच्या हूडमध्ये अडकलेली कोमट हवासुद्धा चित्र हलवते.

खोलीचा हिशेबही एकदा करून ठेवावा. एफ/५.६ वर दीडशे मीटरला नेमका फोकस केला, तर प्रिंट हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला जवळजवळ चाळीस मीटरचा पट्टा ठीक दिसतो. पडद्यावर शंभर टक्के मोठं करून पाहणाऱ्याला फक्त साडेसात मीटर. पक्षी वीस मीटरवर आला की हा काटेकोर पट्टा वीतभरसुद्धा राहत नाही: चोच स्वच्छ, शेपूट धूसर. म्हणून अॅपर्चर बंद करत जावं असं वाटतं, पण एफ/११ च्या पुढे प्रकाशाचं विवर्तन एवढ्या बारीक पिक्सेलवर दिसू लागतं. एफ/८ हा माझा नेहमीचा मुक्काम.

कॅमेऱ्यांतल्या सोयींची यादी लांब आहे, बहुतेकींना पुस्तिकेतच राहू द्यावं. तीन उपयोगाच्या.

पहिली, ३५ मिलिमीटरची चौकट. बटण दाबलं की कॅमेरा सेन्सरचा मधला ३६ बाय २४ चा भागच वापरतो आणि ६० मेगापिक्सेलचा फोटो देतो. दृश्य जवळ आल्यासारखं वाटतं, पण पक्ष्यावरचे पिक्सेल तेवढेच राहतात, हे वर पाहिलंच. फाइल लहान होते एवढा लाभ. सोळा बिटची न दाबलेली पूर्ण फाइल २०० मेगाबाइटच्या वर जाते, त्यामुळे तो लाभही थोडा नाही.

दुसरी माझी लाडकी: ६५:२४ ही लांबट चौकट. १९९८ मध्ये फुजी आणि हॅसलब्लाड यांनी मिळून ३५ मिलिमीटर फिल्मवर एवढा लांब फोटो काढणारा कॅमेरा केला होता. फुजीच्या नावाने तो टीएक्स-१, हॅसलब्लाडच्या नावाने एक्सपॅन. तेच प्रमाण आज डिजिटलमध्ये आहे आणि कापूनही जवळपास ५० मेगापिक्सेल उरतात. मामा तलावाची पाळ ही लांबलचक आडवी रेघ असते. तिच्या वर आकाश फारसं काही सांगत नाही, खाली पाणी सांगतं तेही थोडंच. २५० मिलिमीटरने ती पाळ, तिच्यावरची मोहाची झाडं, खाली डोंगा घेऊन निघालेला ढिवर आणि एका टोकाला बगळ्यांची रांग, एवढंच या चौकटीत बसवा. वाइड लेन्सने हे सगळं किरकोळ होऊन जातं. लांबून काढल्यामुळे पाळ, झाडं आणि मागची टेकडी एकमेकांना चिकटून येतात. श्रेय लेन्सला दिलं जातं, खरं तर ते अंतराचं असतं; त्याच जागेवरून साध्या लेन्सने काढून मधला तुकडा कापला तरी तसंच दिसेल, फक्त पिक्सेल उरणार नाहीत.

तिसरी पिक्सेल शिफ्ट. सेन्सर एका पिक्सेलच्या अंशाने सरकवत सोळा फोटो घेतले जातात आणि संगणकावर त्यांचा ४०० मेगापिक्सेलचा एक फोटो होतो. अट एकच, काहीही हलता कामा नये. तलावावर हे अशक्य, तिथे शेवाळसुद्धा हलतं. पण पवनीला जा. १९६९-७० च्या उत्खननात जिथे बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले त्या या प्राचीन नगराला आजही तटबंदी आणि दगडी वेस आहे. वेशीच्या वरच्या भागातले दगड शिडीशिवाय जवळून पाहता येत नाहीत. वारा नसलेल्या सकाळी, गर्दी सुरू होण्याआधी, समोरून टेलिफोटो लावून पिक्सेल शिफ्टने काढलेला फोटो दगडाच्या सांध्यातलं गवतही दाखवतो. अशा कामासाठी हा कॅमेरा जन्मला आहे असं मला वाटतं.

जंगलाबद्दल थोडक्यात. व्यंकटेश माडगूळकरांनी ज्यावर पुस्तक लिहिलं ते नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला आणि ते तिकडे गेलं. भंडाऱ्याच्या वाट्याला कोका आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडलाचा पवनीकडचा भाग आहे. जिप्सीत ट्रायपॉड लागत नाही, तांदळाने किंवा मोहरीने भरलेली पिशवी दारावर टाकून त्यावर लेन्स टेकवावी. वाघ दिसला तर तो संध्याकाळी, झाडीत आणि वीस सेकंद दिसतो. मिडियम फॉरमॅटचा फोकस सुधारला आहे, पक्षी-प्राणी ओळखून डोळ्यावर जाण्याची सोयही नव्या मॉडेलांत आली आहे. तरी त्या वीस सेकंदांसाठी मी दुसरा कॅमेरा बरोबर ठेवतो.

एक काम टेलिफोटो सगळ्यात चांगलं करते, ते म्हणजे तुम्हाला लांब ठेवते. सारस पावसाळ्यात, रोवणीनंतरच्या दिवसांत, धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ काठावर गवत रचून घरटं करतो. साधारणपणे दोन अंडी, आणि सुमारे महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात. माणूस जवळ गेला की बसलेला पक्षी उठतो आणि अंडी उघडी पडतात, कावळ्यांना तेवढं पुरतं. शेतकऱ्याचं धानही तुडवलं जातं, मग पुढच्या वर्षी त्याला बांधीत सारस नकोसा होतो. पक्षी मान वर करून तुमच्याकडे बघू लागला तर तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात, मागे फिरा.

आणि घरी आल्यावर फोटो कुठेही टाकण्याआधी एक सोय बंद करा. हे कॅमेरे ब्लूटूथने मोबाइलशी जोडले की प्रत्येक फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लिहिले जाऊ शकतात. भंडाऱ्यात सारसाची घरटी मोजकी आहेत. विणीच्या दिवसांतले फोटो असतील तर ती नोंद पुसा, फोटोखाली गावाचं आणि तलावाचं नाव लिहू नका, आणि कुणी विचारलं तर फक्त जिल्हा सांगा.